स्वतःचे काम नेहमी शेवटी का राहते?

विजेचे बिल मुदतीत भरले जाते, मुलांच्या शाळेचे शुल्क वेळेवर जाते, गावाकडे राहणाऱ्या आईवडिलांची औषधे दर महिन्याला पोहोचतात आणि कार्यालयातील फाइल ठरलेल्या तारखेला पुढे सरकते. त्याच व्यक्तीच्या चष्म्याचा नंबर मात्र दोन वर्षांपासून तपासायचा राहिलेला असतो, दुखरी दाढ एका बाजूने जेवून सांभाळली जात असते, पदोन्नतीसाठी द्यायच्या परीक्षेचे पुस्तक कपाटातून बाहेर आलेले नसते, आणि झोपेची वेळ रोज थोडी थोडी पुढे जात मध्यरात्रीपलीकडे पोहोचलेली असते. मानेवाडा असो, जरीपटका असो की त्रिमूर्तीनगर, नागपुरातील कोणत्याही वस्तीत अशी माणसे घरोघरी आहेत, आणि आपण स्वतःकडे दुर्लक्ष करतो हे त्यांच्यापैकी बहुतेकांना पुरेपूर ठाऊक असते. त्यांना कळते, पण वळत नाही.

अशा माणसांना आळशी म्हणणे अन्यायाचे आहे, कारण ती दिवसभर राबत असतात. त्यांच्यात इच्छाशक्ती नाही असेही म्हणता येत नाही, कारण पाहुण्यांना आणायला तीच माणसे पहाटे चारला उठून रेल्वे स्थानकावर हजर होतात. मग स्वतःच्या बाबतीतच असे का घडते, हा प्रश्न गंभीरपणे विचारला पाहिजे, आणि माणसाच्या वर्तनाचा अभ्यास करणाऱ्या शास्त्राने गेल्या काही दशकांत त्याचे बरेच उपयोगी उत्तर दिले आहे. त्या उत्तराचा गाभा असा, की स्वतःकडे दुर्लक्ष करणे हीसुद्धा रोजच्या सरावाने पक्की झालेली सवयच असते. ती निर्धाराच्या एका झटक्याने मोडत नाही; ती दिवसातील ज्या प्रसंगांना चिकटलेली असते, त्याच प्रसंगांना आपल्याला हवे ते काम जोडावे लागते.

इतरांची कामे का होतात, हे आधी पाहू. त्या प्रत्येक कामामागे विचारणारा कोणीतरी असतो. बिलावर अंतिम तारीख छापलेली असते, शाळेतून संदेश येतो, साहेब आठवण करून देतात, आई फोनवर औषध संपल्याचे सांगते. स्वतःचा रक्तदाब आज तपासला नाही, तर असा फोन कोणाचाही येत नाही आणि आज काही बिघडतही नाही. बिघाड होतो तो पुढे दहापंधरा वर्षांनी, हृदयात, मूत्रपिंडात किंवा डोळ्यांच्या पडद्यात, आणि तेव्हा त्याचा संबंध या टाळलेल्या सकाळीशी जोडणे कोणालाही जमत नाही. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाठबळावर झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि प्रौढांपैकी सुमारे ३५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आहे. हे दोन्ही विकार सुरुवातीची कित्येक वर्षे कोणतीही वेदना देत नाहीत. जवळचा छोटा आराम आणि दूरचा मोठा लाभ यांत निवड करायची वेळ आली, की माणसाचे मन सहसा जवळच्याकडे झुकते. हा सर्वांच्याच स्वभावाचा भाग आहे.

दुर्लक्ष काही काळ चालले, की त्याला लाजेची जोड मिळते, आणि माझ्या मते खरी अडवणूक तिथे सुरू होते. दंतवैद्याकडे जायचे टाळण्यामागे वेदनेच्या भीतीइतकीच ‘इतके दिवस का आला नाहीत?’ या प्रश्नाची भीती असते. वजनकाट्यावर उभे राहायचे टाळले जाते, बँकेचे विवरणपत्र उघडायचे टाळले जाते, अर्धवट सोडलेल्या अभ्यासक्रमाच्या वर्गमित्रांशी बोलणे टाळले जाते. टाळल्याने क्षणभर बरे वाटते, लाज मात्र वाढते, आणि वाढलेल्या लाजेमुळे पुढच्या वेळी टाळणे आणखी सोपे होते. आपल्याकडे अशा वेळी स्वतःला कठोर शब्दांत दटावणे हा उपाय समजला जातो. अभ्यासातून उलट चित्र समोर आले आहे. कॅनडातील कार्लटन विद्यापीठातील संशोधकांनी पहिल्या वर्षाच्या ११९ विद्यार्थ्यांची दोन लागोपाठच्या परीक्षांच्या काळात पाहणी केली आणि २०१० मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पहिल्या परीक्षेच्या तयारीत चालढकल केल्याबद्दल ज्यांनी स्वतःला माफ केले होते, त्यांनी दुसऱ्या परीक्षेच्या वेळी चालढकल कमी केली. स्वतःला माफ करणे म्हणजे चूक नाकारणे नव्हे. चूक मान्य करून, तिच्याविषयीचा त्रागा बाजूला ठेवून, पुढच्या कृतीकडे वळता येणे एवढाच त्याचा अर्थ आहे.

सवय म्हणजे नेमके काय

दुचाकी शिकतानाचे पहिले दिवस बहुतेकांना आठवत असतील. क्लच, गिअर, ब्रेक, आरसा आणि समोरून येणारा ऑटो या प्रत्येक गोष्टीकडे स्वतंत्रपणे लक्ष द्यावे लागत होते आणि सीताबर्डीच्या गर्दीत तर घाम फुटत होता. वर्षभराने तीच व्यक्ती मनात घरखर्चाचा हिशेब करत तेच अंतर पार करते. सुरुवातीला कपाळामागचा, विचारपूर्वक निर्णय घेणारा मेंदूचा भाग काम करत असतो. पुनरावृत्ती होत गेली, की मेंदूच्या आत खोलवर असलेला बेसल गँग्लिया हा पेशीसमूह ते काम उचलतो. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या मेंदूवैज्ञानिक ॲन ग्रेबिएल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत हे बारकाईने पाहिले. चक्रव्यूहातून वाट शोधायला उंदीर शिकत असताना या भागातील पेशी संपूर्ण वाटभर सक्रिय असत. वाट अंगवळणी पडल्यावर त्यांची हालचाल मुख्यतः सुरुवातीला आणि शेवटी एकवटत असे. मधला सगळा प्रवास जणू एकाच गाठोड्यात बांधला जात होता.

या गाठोड्याची गाठ सोडणारी गोष्ट म्हणजे प्रसंगाची खूण. ती जागा असेल, वेळ असेल, आधीची एखादी कृती असेल किंवा सोबतची माणसे असतील. वेंडी वूड या मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना दर तासाला आपण काय करत आहोत याची नोंद ठेवायला सांगितले होते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे ४३ टक्के कृती अशा निघाल्या, की त्या जवळजवळ रोज आणि बहुधा त्याच ठिकाणी होत होत्या, आणि त्या होत असताना मन बहुतेक वेळा दुसरीकडेच असे. वूड यांच्याच सहभागाने झालेला २०११ चा आणखी एक प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. चित्रपटगृहात आलेल्या प्रेक्षकांपैकी काहींना ताजे आणि काहींना सात दिवसांचे शिळे पॉपकॉर्न देण्यात आले. ज्यांना चित्रपट पाहताना पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती, त्यांनी शिळे पॉपकॉर्न आवडले नाही असे सांगूनही ताज्याइतकेच खाल्ले. अशीच सवय असलेले लोक साध्या बैठकीच्या खोलीत बसलेले असताना किंवा त्यांना नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला सांगितल्यावर मात्र शिळ्या पॉपकॉर्नचे प्रमाण घटले. आवडनिवड, ज्ञान आणि इच्छा या तिन्हींवर प्रसंगाने मात केली होती, आणि प्रसंग किंचित बदलताच त्यांना पुन्हा वाव मिळाला.

आता हेच आपल्या दिवसाला लावून पाहावे. हिंगणा एमआयडीसीतून सायंकाळी सातला घरी आलेला माणूस चपला काढतो, हातपाय धुतो, दिवाणावर टेकतो आणि फोन हातात घेतो. ‘आज व्यायाम करायचा नाही’ असा निर्णय तो कधीच घेत नाही. दिवाणावर टेकणे ही खूण असते आणि पुढचा दीड तास त्या खुणेपाठोपाठ आपोआप येतो. स्वतःकडे होणारे दुर्लक्ष बहुतेक वेळा असे, निर्णयाविना घडत असते, आणि म्हणूनच निर्णयाचे बळ वाढवून ते थांबत नाही.

एकवीस दिवसांचा गैरसमज

कोणतीही सवय एकवीस दिवसांत लागते, हे वाक्य व्याख्यानांतून आणि मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांतून इतके पसरले आहे, की ते शास्त्रीय सत्य मानले जाते. त्याचे मूळ मॅक्सवेल माल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या एका पुस्तकात आहे. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एकवीस दिवस लागतात, असे त्यांचे निरीक्षण होते. पुढे त्यातला ‘किमान’ गळून पडला आणि बदललेल्या चेहऱ्याची जागा व्यायामापासून अभ्यासापर्यंतच्या सगळ्या सवयींनी घेतली.

प्रत्यक्ष मोजमाप लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांच्या अभ्यासात ९६ स्वयंसेवकांनी प्रत्येकी एक साधी कृती निवडली, ती रोज एकाच ठरावीक प्रसंगी करायची असे ठरवले, आणि १२ आठवडे तिची नोंद ठेवली. कृती जवळजवळ आपोआप होऊ लागण्याच्या टप्प्याला साधारणतः ६६ दिवस लागले, परंतु माणसामाणसांतील अंतर फार मोठे होते: कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी हिशेब २५४ दिवसांपर्यंत गेला. जेवणाबरोबर पेलाभर पाणी पिण्यासारख्या कृती लवकर रुळल्या, व्यायामाला बराच अधिक काळ लागला. ‘आपल्याला एकवीस दिवसांत जमले नाही, म्हणजे आपल्यातच काहीतरी कमी आहे’ असे मानून बाविसाव्या दिवशी प्रयत्न सोडणाऱ्या असंख्य लोकांपर्यंत हा आकडा पोहोचायला हवा असे मला मनापासून वाटते, कारण त्यांनी सोडले तेव्हा ते वाटेत होते, हरलेले नव्हते. याच अभ्यासातील दुसरा निष्कर्ष तितकाच महत्त्वाचा आहे. मध्ये एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्याच्या प्रक्रियेवर लक्षणीय परिणाम झाला नाही. एक खाडा म्हणजे सगळे मुसळ केरात, ही भावना खोटी आहे.

नागपूरकरांना पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी निघणारी मारबत वेगळी सांगायला नको. काळी आणि पिवळी मारबत, म्हणजे नकोशा गोष्टींचे प्रतीक असलेले मोठे पुतळे, रस्त्यावर आल्या, की ‘ईडा पीडा घेऊन जा गे मारबत’ या आरोळ्यांनी महाल आणि इतवारीचा परिसर दणाणून जातो. जुने नकोसे सोडून नव्याने आरंभ करावा ही ओढ माणसात खोलवर असते, आणि आठवड्याच्या, महिन्याच्या किंवा वाढदिवसानंतरच्या पहिल्या दिवसांत व्यायामशाळेतील उपस्थिती वाढते हे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातही दिसले आहे. आरंभासाठी असा दिवस जरूर निवडावा. त्या दिवसाचा उत्साह ओसरल्यावरही काम चालू राहील अशी तजवीज मात्र त्याच दिवशी करून ठेवावी लागते.

ती तजवीज कशी करायची

संकल्प बहुधा अशा वाक्यांत केले जातात: ‘आता तब्येतीकडे लक्ष देणार’, ‘रोज वाचन करणार’. यांत कधी, कुठे आणि कशानंतर यांपैकी काहीच नसते, म्हणून प्रत्यक्ष दिवसात ते काम कुठेही बसत नाही. जर्मन मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी यावर एक साधी रीत सुचवली आणि तिचा सविस्तर अभ्यास केला. ‘अमुक प्रसंग आला, की मी तमुक करीन’ असे वाक्य आधीच ठरवून ठेवायचे, एवढीच ती रीत आहे. तिचा परिणाम किती मोठा असू शकतो, हे इंग्लंडमधील २४८ विद्यार्थ्यांवर झालेल्या आणि २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. एका गटाला विशेष काही सांगितले नव्हते. त्यातील ३८ टक्के विद्यार्थ्यांनी पुढच्या आठवड्यात किमान एकदा वीस मिनिटांचा जोरकस व्यायाम केला. दुसऱ्या गटाला हृदयविकाराविषयी आणि व्यायामाच्या फायद्यांविषयी प्रभावी माहिती दिली. त्यांच्यातील प्रमाण ३५ टक्केच राहिले. तिसऱ्या गटाला तीच माहिती दिली आणि कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणत्या ठिकाणी व्यायाम करणार हे लिहून द्यायला सांगितले. त्या गटात हे प्रमाण ९१ टक्के झाले. माहितीने इच्छा वाढली असेल, पण कृती घडली ती वेळ आणि जागा ठरल्यामुळे.

खूण निवडताना काळजी घ्यावी लागते. घड्याळातील वेळेपेक्षा, आपल्या दिवसात न चुकता घडणारी एखादी कृती अधिक भरवशाची असते. सकाळचा चहा, देवपूजा किंवा वंदना, मुलांना शाळेच्या बसमध्ये बसवून परत येणे, रात्री ओटा पुसणे, कार्यालयात संगणक सुरू करणे, यांपैकी काही ना काही प्रत्येकाकडे असते. प्रजापतीनगरहून लोकमान्यनगरकडे रोज मेट्रोने जाणाऱ्याला ‘डब्यात जागा मिळाली, की पुस्तक उघडीन’ असे ठरवता येते, आणि उभे राहावे लागले तर काय, हेही आधीच ठरवता येते: ‘उभा असलो, तर काल वाचलेले मनात आठवीन’. जोडलेले काम पहिले काही आठवडे अगदी लहान ठेवावे. सासूबाईंच्या औषधाची डबी उघडली, की आपलीही रक्तवाढीची गोळी घ्यायची; जेवणानंतर घराभोवती दहा मिनिटे चालायचे. इतक्या छोट्या कामाने काय होणार, असे वाटणे साहजिक आहे, आणि शरीराला लागणारे प्रमाण याहून अधिक आहे हेही खरे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांनी आठवड्याला मध्यम गतीचा व्यायाम १५० ते ३०० मिनिटे करावा. परंतु सुरुवातीच्या काळात आपण स्नायू घडवत नसून प्रसंग आणि कृती यांतील नाते घडवत असतो. ते नाते पक्के झाल्यावर दहाची तीस मिनिटे करणे तुलनेने सोपे जाते. नाते नसताना पहिल्याच दिवशी तासभर चाललेला माणूस चौथ्या दिवशी घरी दिसतो.

नागपुरात या नियमाला ऋतूची मोठी अट आहे, आणि बाहेरच्या शहरांसाठी लिहिलेल्या सल्ल्यांत तिचा विचार नसतो. सेमिनरी हिल्सवर किंवा फुटाळ्याच्या काठी फिरायला जाणाऱ्यांची डिसेंबरमधील संख्या मे महिन्यात टिकत नाही, यात त्यांच्या निष्ठेचा दोष नाही. मे महिन्यात इथला पारा अनेकदा ४५ अंशांपलीकडे जातो, रात्रीही उकाडा राहतो, कूलरच्या आवाजात झोप उशिरा लागते आणि सकाळी सातलाच ऊन चटका देऊ लागते. शिवाय मेअखेरीस इथे सूर्य साडेपाचच्या सुमारास उगवतो, तर जानेवारीत पावणेसातनंतर. ‘सकाळी साडेसहाला फिरायला जाणे’ ही सवय म्हणूनच वर्षातील सहा महिने प्रसंगाविना लटकत राहते. त्यावर उपाय म्हणजे तिची दोन रूपे आधीच ठरवणे. ‘उजाडले, की’ ही खूण दोन्ही ऋतूंत चालते. नवतप्याच्या, म्हणजे मेअखेरीच्या कडक उन्हाच्या, दिवसांत बाहेर पडणे शक्यच नसेल, तर त्याच वेळी, त्याच कपड्यांत, घरातल्या घरात हातपाय हलवण्याचे पंधरा मिनिटांचे काम करावे, म्हणजे खूण जिवंत राहते आणि मृगाच्या पावसानंतर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागत नाही. ही तयारी मार्चमध्येच करायची असते, कारण मे उजाडल्यावर ती सुचत नाही.

नको असलेल्या सवयींनाही हेच तत्त्व उलट्या दिशेने लागू होते, आणि त्याचे विदर्भातील सर्वांत गंभीर उदाहरण खर्रा हे आहे. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून केलेली ती पुडी खाणाऱ्याला तिचे धोके माहीत नसतात असे क्वचितच असते. नुसती सुपारीही माणसात कर्करोग निर्माण करते, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ च्या अहवालात स्पष्ट केले आहे, आणि इथे तर तिच्या जोडीला तंबाखू असतो. तरीही जेवण झाले, की पाय पानठेल्याकडे वळतात, कारण जेवण, तो कोपरा आणि तिथे भेटणारे मित्र या तिन्ही खुणा एकत्र येतात. म्हणून जेवणानंतर लगेच तोंडात बडीशेप किंवा लवंग टाकणे, परतीचा रस्ता पानठेल्यावरून न जाणारा निवडणे, मित्रांना भेटायची जागा बदलणे, खिशात पुडी न ठेवणे, अशा कृतींनी वाट अवघड करावी लागते. तंबाखूच्या बाबतीत मात्र एवढे पुरेलच असे नाही, कारण निकोटिन हे शारीरिक व्यसन आहे आणि ते सुटताना चिडचिड, अस्वस्थता, झोप न लागणे असे त्रास होतात. त्यासाठी समुपदेशन आणि औषधे उपलब्ध आहेत. १८००-११-२३५६ या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती दूरध्वनी सेवेवर विनाशुल्क मदत मिळते. मोबाइलचे प्रकरण त्यामानाने सोपे आहे. झोपताना तो दुसऱ्या खोलीत चार्जिंगला लावणे आणि उठण्यासाठी साधे गजराचे घड्याळ घेणे, या दोन गोष्टींनी झोपेत जेवढा फरक पडतो, तेवढा कोणत्याही निश्चयाने पडलेला मी पाहिलेला नाही.

सवय आणि यश यांच्यातील नाते थोडे जपून समजून घ्यायला हवे. नागपुरात स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या तरुणांसाठी जागोजागी अभ्यासिका आहेत आणि दिवसाचे दहा-बारा तास तिथे बसणारी मुले कमी नाहीत. रोज बसण्याची सवय मौल्यवान आहे, परंतु सवय आंधळी असते. ती चांगल्या आणि निरुपयोगी अशा दोन्ही कृती सारख्याच निष्ठेने घडवते. तेच पान पुन्हा पुन्हा वाचणे ही अशीच एक फसवी सवय आहे. रोडिगर आणि कार्पिक या अमेरिकी संशोधकांच्या २००६ च्या अभ्यासात, उतारा पुन्हा वाचलेल्या विद्यार्थ्यांना पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत अधिक आठवले, परंतु आठवड्यानंतर त्यांना ४२ टक्केच मजकूर आठवला, तर एकदा वाचून नंतर पुस्तक मिटून आठवून लिहिलेल्यांना ५६ टक्के आठवला. म्हणून ‘खुर्चीवर बसलो, की पुस्तक उघडण्याआधी कालचे कोऱ्या कागदावर लिहीन’ ही सवय नुसत्या तासांच्या सवयीपेक्षा पुढे नेते. दुकानदाराने गल्ला बंद करताना दिवसाचा हिशेब लिहिणे, शिक्षकाने तास संपताच कोणाला काय समजले नाही याची दोन ओळींत नोंद करणे, हीही त्याच जातीची कामे आहेत. त्यांच्यामुळे कालची चूक आजच्या डोळ्यांसमोर येते. मन लावून करायचे अवघड काम पुढेही अवघडच राहते. सवय फक्त त्या कामाच्या दाराशी रोज आणून सोडते, आणि बहुतेकांची अडचण दारापर्यंत पोहोचण्याचीच असते.

खाडे पडणारच आहेत. घरात लग्न निघेल, कोणी आजारी पडेल, हिवाळी अधिवेशनाच्या काळात शासकीय कर्मचाऱ्यांच्या वेळा कोलमडतील. त्यासाठीही वाक्य तयार असावे: ‘एक दिवस चुकला, तर दुसऱ्या दिवशी निम्मे का होईना, त्याच वेळी करीन’. लागोपाठ खाडे पडू लागले, तर स्वतःला बोल लावण्याआधी खूण तपासावी, कारण बहुधा तीच हललेली असते.

जेव्हा सवयीचा प्रश्न नसतो

एवढे सगळे सांगितल्यावर, ज्यांना हा सल्ला जसाच्या तसा देणे योग्य नाही अशा माणसांविषयीही लिहायला हवे. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीनुसार, घरातील विनामोबदला कामे करणाऱ्या स्त्रिया त्यांवर दिवसाला सरासरी २९९ मिनिटे खर्च करतात आणि अशी कामे करणारे पुरुष ९७ मिनिटे. पाच तासांचा हा भार जिच्यावर आहे, आणि बाहेरची नोकरीही जिला करायची आहे, तिला ‘स्वतःसाठी अर्धा तास काढत जा’ असे सांगणे पोकळ आहे. तिच्या दुर्लक्षाची दुरुस्ती घरातील इतरांच्या सवयींपासून सुरू होते: सायंकाळची भाजी कोण चिरणार, मुलांचा अभ्यास कोण घेणार, सासऱ्यांना दवाखान्यात कोण नेणार, हे नावानिशी आणि वारानिशी ठरले, तरच तिचा अर्धा तास खरा होतो.

त्याहून दुर्लक्षित गोष्ट म्हणजे थकवा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रियांच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी आहे. जिना चढताना धाप लागणे, दुपारी डोळे मिटणे, कशातच लक्ष न लागणे, याला घरात आळस म्हटले जाते आणि ती स्त्री स्वतःही तसेच मानू लागते. थायरॉइडची कमतरता, मधुमेह आणि झोपेत श्वास अडकण्याचा विकार यांतही असेच घडते. म्हणून, नवी सवय कोणती लावावी असे कोणी विचारले, तर मी सर्वांत आधी रक्ताची आणि रक्तदाबाची तपासणी सुचवतो. तीस वर्षांवरील प्रत्येकासाठी रक्तदाब, मधुमेह आणि काही नेहमीच्या कर्करोगांची प्राथमिक तपासणी शासकीय आयुष्मान आरोग्य मंदिरांत मोफत होते.

मनाच्या आजारातही स्वतःकडे दुर्लक्ष होते, आणि तेव्हा ते लक्षण असते. दोन आठवड्यांहून अधिक काळ जवळजवळ रोज मन उदास राहत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींतही रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आंघोळ करणे किंवा कपडे बदलणेही डोंगराएवढे वाटत असेल, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर ते नैराश्य असू शकते आणि त्यावर उपचार आहेत. नागपुरातील मेडिकल या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातील मानसोपचार विभागात, मेयो या दुसऱ्या शासकीय रुग्णालयात किंवा प्रादेशिक मनोरुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवता येते. १४४१६ हा केंद्र सरकारच्या टेलिमानस सेवेचा क्रमांक आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू असलेल्या या सेवेवर चोवीस तास आणि मराठीतूनही बोलता येते. घरच्यांनी अशा व्यक्तीला ‘जरा मनावर घे’ असे सांगू नये, तिच्यासोबत दवाखान्यात जावे. नैराश्याच्या उपचारांत रोजच्या लहान लहान कृती ठरवून करण्याची एक मान्यताप्राप्त पद्धत आहे, आणि तिच्यात मन तयार होण्याची वाट पाहिली जात नाही. आधी कृती आणि मग हळूहळू मन, असा तिचा क्रम असतो. त्या टप्प्यावर दारापासून गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन परत येणे हाही उपचाराचा भाग असतो, आणि तो केव्हा व किती वाढवायचा हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांशी बोलून ठरवावे.